वारंवार पित्त होणाऱ्या प्रत्येकाची एच. पायलोरी तपासणी व्हावी का?

तिरफळ: माझ्या मामांनी पंधरा वर्षं "तिखट सोडा, चिंता सोडा" ऐकत काढली. शेवटी दुर्बिणीने तपासलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीला अल्सर आणि सोबत जठरात राहणारा एच. पायलोरी जंतू. १४ दिवस औषधं घेतली, दुखणं गेलं. वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये १९८२ साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवला, १९८४ मध्ये मार्शल तो स्वतः प्यायले, अल्सरमागे हा जंतू असतो हे दाखवल्याबद्दल दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळालं. आपल्याकडे दोष अजून मिरचीलाच! माझं मत, पित्तवाल्या प्रत्येकाची तपासणी करा.

ओवा: मामांना अल्सर होता. 'पित्त' या एका शब्दात आपण चार-पाच आजार कोंबतो. छातीतली जळजळ आम्ल वर येण्याने होते, जंतू मारून ती जात नाही. आणि मार्शल यांना जंतू प्यायल्यावर जठराला सूज आली होती, अल्सर नव्हे. जगातल्या साधारण निम्म्या लोकांच्या पोटात हा जंतू असतो, बहुतेकांना पत्ताही नसतो.

तिरफळ: बहुतेकांना त्रास नाही म्हणून ज्यांना आहे त्यांनी सोसायचं? दुर्बिणीत काहीच न सापडलेल्या अपचनातही जंतू काढल्यावर आराम पडतो.

ओवा: पडतो, पण दहा-पंधरा जणांना औषध द्यावं तेव्हा एखाद्याला. बाकीच्यांच्या वाट्याला कडू तोंड आणि जुलाब. शिवाय यासाठी देतात त्या मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकला आपल्याकडचे जंतू आधीच फारसे जुमानत नाहीत.

खलबत्ता: लॅबमध्ये काम करतो म्हणून मध्ये पडतो. रक्तातली अँटीबॉडी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेलं प्रथिन) जंतू गेल्यावरही बराच काळ पॉझिटिव्ह येते, त्या रिपोर्टवर औषध सुरू करू नका. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करा. त्याआधी दोन आठवडे पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. लोक सकाळची गोळी घेऊनच येतात! बाकी ओवा, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्तातलं लोह वाढत नसेल, कारणही सापडत नसेल, तर पोट दुखत नसलं तरी हा जंतू शोधतात.

ओवा: ते मान्य. अल्सरवाल्यांचंही मान्य. माझा आक्षेप 'प्रत्येकाची' या शब्दाला. गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेणाऱ्याचा अल्सर निव्वळ त्या गोळीचाही असू शकतो.

खलबत्ता: तिरफळ, औषधं संपल्यावर चार आठवड्यांनी मामांची पुन्हा तपासणी झाली का?

तिरफळ: नाही. दुखायचं थांबलं म्हणून कोणी विचारलंच नाही. आता ठेचाही खातात.

खलबत्ता: ठेचा खाऊ द्या. जंतू गेला का तेवढं बघा.