वोलोस्त म्हणजे ग्रामपंचायत का? एकच रशियन गाव तीन प्रांतांत

रंकाळा_वाचक
मंडळी, एम.ए. इतिहासाच्या सेमिनारसाठी रशियन खेड्याच्या कारभाराचा तक्ता करतोय. नमुन्याला बेझेत्स्क भागातलं एक गाव घेतलंय. १९१३ ला ते त्वेर गुबेर्निया (त्सारकाळातला प्रांत), बेझेत्स्क उयेझ्द (गुबेर्नियाचा भाग) आणि खाली एका वोलोस्तमध्ये (उयेझ्दमधला काही गावांचा गट) दिसतं. १९३१ ला मॉस्को प्रांत, बेझेत्स्क रायोन (सोव्हिएत काळातला प्रांताखालचा विभाग). १९३६ ला कालीनिन प्रांत. कागद चुकलेत का? आणि उयेझ्द म्हणजे तालुका, वोलोस्त म्हणजे ग्रामपंचायत असं लिहिलं तर चालेल?

पेठा_महाल
ग्रामपंचायत लिहू नका, तक्ता तिथंच फसेल. १८६१ च्या भूदासमुक्तीच्या कायद्यात गावपातळीवर ‘ग्रामसमाज’ होता. त्याचा मुखिया स्तारोस्ता. असे काही समाज मिळून वोलोस्त व्हायची. माप ३०० ते २००० पुरुष, आणि लांबचं गाव केंद्रापासून साधारण १२ व्हर्स्टच्या आत, म्हणजे जेमतेम तेरा किलोमीटर. हे आकडे करासाठी मोजलेल्या पुरुषांचे आहेत. बायका त्यात नाहीत, त्यामुळं लोकसंख्या काढताना निदान दुप्पट धरा. शिवाय ती मोजणी १८५७-५८ ची.

वोलोस्तच्या सभेला दर दहा घरांमागं एक माणूस जायचा. प्रमुख स्तारशिना, मुदत तीन वर्षं. वोलोस्तचं स्वतःचं न्यायालयही होतं, पण सगळं फक्त शेतकऱ्यांपुरतं. त्याच शिवारातला जमीनदार किंवा पाद्री वोलोस्तच्या हुकमाखाली नव्हता, तिचा करही भरत नव्हता. आपल्या ग्रामपंचायतीशी जोडी जुळत नाही ती याच कारणानं.

दप्तर सांभाळायचा पिसार, म्हणजे लेखनिक. स्तारशिना निरक्षर असला (बरेच असायचे) की कारभार पिसारच हाकायचा. त्याला कुलकर्णी मात्र म्हणू नका, तो वतनदार नव्हता, पगारी होता. शाहू महाराजांनी १९१८ ला कुलकर्णी वतनं काढून तलाठी नेमले, त्या तलाठ्याच्या जवळ जातो तो.

दप्तर_कारकून
कागद तिन्ही बरोबर आहेत. गाव जागेवरच आहे, वरचे प्रांत बदलले.

१९२९ ला त्वेर गुबेर्निया मोडली. बेझेत्स्क भाग मॉस्को प्रांतात गेला आणि तिथं बेझेत्स्क ओक्रुग (प्रांत आणि रायोन यांमधली पायरी) झाला. ओक्रुग १९३० लाच रद्द, म्हणून तुमच्या १९३१ च्या कागदात तो दिसत नाही. जानेवारी १९३५ ला कालीनिन प्रांत नव्यानं काढला, तो १९९० ला परत त्वेर झाला.

हे सगळीकडं एका दिवशी झालं नाही, घोटाळा होतो तो इथंच. उरलमध्ये नवी रचना १९२३ लाच आली. म्हणजे डिसेंबर १९२६ च्या जनगणनेत उरलचं गाव ओक्रुग आणि रायोनखाली सापडेल, त्वेरचं अजून उयेझ्द आणि वोलोस्तखाली. वर त्या दशकात वोलोस्ती एकत्र करून मोठ्या केल्या, त्यामुळं १९१३ चं वोलोस्तचं नाव १९२६ ला असेलच असं नाही.

शोधताना आधी कागदाची तारीख बघा, मग त्या प्रांतात बदल कधी झाला ते, आणि गावाचं नाव सगळ्यात शेवटी. अलेक्सांद्रोव्का नावाची गावं ढिगानं आहेत. नदी किंवा चर्चचा परगणा यावरून पक्कं करा. १९६३ चा नकाशा शक्यतो घेऊच नका: सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हनं तेव्हा रायोन एकत्र करून भलेमोठे केले होते, तो गेल्यावर ते बहुतेक परत फोडले.

रंकाळा_वाचक
झकास! मग रायोन म्हणजे तालुका लिहू ना? आणि झेम्स्त्वो (त्सारकाळातली निवडून आलेली स्थानिक संस्था) म्हणजे जिल्हा परिषद?

पेठा_महाल
रायोनला तालुका चालेल. उयेझ्द त्याहून मोठा. सम्राज्ञी कॅथरीनच्या १७७५ च्या कायद्यात त्याला २० ते ३० हजार पुरुषांचं माप होतं. झेम्स्त्वोकडं शाळा, दवाखाने, रस्ते होते, तेवढ्यापुरती जिल्हा परिषद म्हणा. पण १८६४ पासून ती गुबेर्निया आणि उयेझ्द या दोनच पायऱ्यांवर. वोलोस्तपर्यंत उतरली ती थेट १९१७ ला, आणि तोवर फार उशीर झाला होता.

दप्तर_कारकून
भावा, तक्त्यात ‘जमीन कोणाच्या हाती’ असा एक रकाना घाल. १९२० च्या दशकात ग्राम-सोव्हिएत (गावाची सरकारी समिती) कागदावर होतं, पण जमिनीचं वाटप जुनी गावसभाच करायची. सोव्हिएतकडं बहुतेक ठिकाणी स्वतःचा पैसाही नसायचा. १९३० नंतर सामुदायिक शेती आली, गावसभा गेली आणि वजन कोल्होझच्या (सामुदायिक शेताच्या) अध्यक्षाकडं गेलं. सोव्हिएतकडं जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरवार नोंदवही आणि दाखले राहिले. १९३२ च्या पासपोर्ट पद्धतीत कोल्होझच्या शेतकऱ्यांना पासपोर्ट नव्हता. बाहेरगावी कामाला जायचं तर सोव्हिएतचा दाखला लागायचा, म्हणून सोव्हिएतच्या अध्यक्षाच्या शिक्क्याला किंमत होती. हा नियम १९७४ ला बदलला.