औदुंबरहून भुवनेश्वरीला नावेनंच का जायचं?

पलूसची_लेक:
नमस्कार मंडळी. औदुंबरला दत्ताचं दर्शन झालं की आई आम्हाला घाटावरनं नावेत बसवून पलीकडं भिलवडीच्या भुवनेश्वरीला न्यायचीच. गाडी उभी असली तरी "देवीला नावेनंच जायचं असतं" एवढंच उत्तर. नाव मधल्या धारेला आली की ती हळदकुंकू आणि खण कृष्णामाईला वाहायची आणि नावाडीमामा तेवढ्यापुरतं वल्हं थांबवायचे. आता माझी मुलगी विचारतीय असं का, मला सांगता येत नाही. याला काही आधार आहे का घरची रीत? आणि नावाडी लोक नावेची पूजा कशी करतात?

अंकलखोपकर:
ताई, गुरुचरित्राचा 17 वा अध्याय वाचा. करवीरचा एक ब्राह्मणाचा मुलगा, विद्या येत नाही म्हणून लोक हिणवायचे, तो भिलवडीला भुवनेश्वरीपुढं धरणं धरून बसला, जीभ कापून देवीच्या पायाशी वाहिली, तेव्हा देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं की पलीकडच्या काठाला औदुंबराखाली यती आहेत, त्यांच्याकडं जा. मग तो नदी ओलांडून त्या यतींच्या, म्हणजे दत्तावतार नृसिंहसरस्वतींच्या पायावर पडला. देवी पूर्वेच्या काठाला, महाराज पश्चिमेच्या, मधी कृष्णा. पाणी ओलांडणं हाच त्या कथेचा जीव आहे हो, पुलावरनं सर्रकन गेलं की तो कसा कळणार? तुमच्या आईनी बरोबर धरून ठेवलं.

नरसोबाच्या वाडीचं पण असंच आहे. 19 व्या अध्यायात चौसष्ट योगिनी पलीकडच्या अमरापुराहून पाण्यातनं वाट करून महाराजांकडं येतात, आणि ते बघतो तो गंगानुज. आमच्याकडं जुनी माणसं त्याला नावाडीच म्हणतात.

वल्हेवाला_आंबी:
पूजेचं मी सांगतो, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नाव होती. पावसाळ्याआधी नाव काठावर उलटी घालायची, फटीत काथ्या ठोकायचा, वरनं डांबर. आजोबा डांबर गरम असतानाच एका ठिकाणी बोटानं दाबून बघायचे, खड्डा पडला तर परत ठोक. सगळं झालं की नावेच्या तोंडाला पाच बोटं कुंकवाची, हार, लिंबू, आणि नारळ फोडून पाणी आधी नदीत, मग नावेवर. चप्पल घालून नावेत पाय ठेवायचा नाही, पाव्हणा असो नाहीतर साहेब. गावकऱ्यांकडनं पैसे नव्हते, सुगीला धान्य मिळायचं, पण वारकऱ्याला आणि दत्ताच्या माळकऱ्याला आजोबा तसंच सोडायचे, म्हणायचे देवाकडं चाललेल्याकडनं काय घ्यायचं.

आणि एक आवर्जून सांगतो. बाराव्या शतकात बसवण्णांच्या शरणांमध्ये, म्हणजे शिवभक्त संतांमध्ये, अंबिगर चौडय्या होते, धंदा नाव चालवायचा. बाकी शरण आपल्या वचनाच्या (छोट्या भक्तीरचनेच्या) शेवटी आपल्या देवाचं नाव घालायचे, ह्यांनी स्वतःचंच घातलं, अंबिगर चौडय्या! आणि ढोंगी भक्तीवर असे कोरडे ओढलेत की आजपण वाचून अंग शहारतं. आमच्या समाजाला त्यांचा लय अभिमान आहे.

साताऱ्याची_सून:
माझं माहेर अलिबागकडचं. तिकडं नारळी पौर्णिमेला होडी रंगवून, पताका लावून सजवतात, समुद्राला नारळ वाहतात, दर्या शांत हो म्हणून, मग मासेमारीचा हंगाम सुरू. देवीच्या दर्शनाला मात्र डोंगरावर कार्ल्याच्या एकवीरेला. लग्न होऊन इथं आले तेव्हा वाटलं नदीला काय एवढं, पण माहुलीला संगमावर बायका नवं पाणी आल्यावर ओटी भरताना बघितल्या आणि माझ्या आईची आठवण येऊन डोळे भरले. भाव तोच आहे.

ब्रह्मनाळ_जवळ:
सगळं वाचून बरं वाटलं, पण एक हात जोडून सांगणं. 8 ऑगस्ट 2019 ला महापुरात आमच्याकडं ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली, त्यात लेकरं होती. रीत पाळायची तर पाणी उतरल्यावर पाळा. जुने नावाडी पाणी बघूनच "आज नाव नाही" म्हणायचे, कितीही गर्दी असू दे, आणि त्यावर कोणी वाद घालायचं नाही.

पलूसची_लेक:
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. आंबीदादा, ते लिंबू कशासाठी? आमच्या नावाडीमामांच्या नावेला पण दोऱ्यात बांधलेलं असायचं. मुलीला दिवाळीच्या सुट्टीत नेणार आहे, तोपर्यंत 17 वा अध्याय रोज थोडा थोडा वाचून दाखवते.

वल्हेवाला_आंबी:
नजर लागू नये म्हणून ताई. वाळलं की नदीतच सोडायचं आणि नवं बांधायचं. दिवाळीत पाणी संथ असतं, खुशाल या.