कोडिंगचा गंध नसताना थेट मोबाईल ॲप शिकायला घ्यावं का?

औसेकर
भाचा लातूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आजवर प्रोग्रामिंगची एक ओळही लिहिलेली नाही. त्याला आडतीच्या पट्टीचं, म्हणजे शेतमाल विकल्याच्या हिशोबाचं ॲप करायचंय. सोयाबीनचं वजन आणि भाव टाकला की हमाली, तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात किती पडतील ते दिसलं पाहिजे. घरात जो तो सांगायलाय, आधी सी भाषा शिक, मग जावा, ॲपचं नंतर बघू.

मला हे अजिबात पटत नाही. त्याने थेट ॲपच करायला घ्यावं. 2019 पासून गूगल अँड्रॉइडसाठी कोटलिन या भाषेलाच पहिली पसंती देतं, आणि ज्यांना कोडिंग येत नाही त्यांच्यासाठी गूगलचाच ‘अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज’ हा फुकट कोर्स आहे. मग सीचा वळसा कशाला? आपल्याकडची कितीतरी पोरं सीमधल्या पॉइंटर या अवघड धड्यापाशी अडकतात आणि ‘हे आपलं काम नाही’ म्हणून कायमची उठतात. पाण्यात पडल्याशिवाय पोहायला येत नाही.

परभणीचा मास्तर
येत नाही, खरं आहे. पण आपल्याकडे लेकराला विहिरीत सोडताना पाठीला डबा बांधतात, ते का विसरता?

सी शिकाच असा माझा हट्ट नाही. पण व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन ही प्रोग्रामिंगची मुळाक्षरं तरी आधी कोऱ्या पडद्यावर, म्हणजे ॲपशिवाय साध्या प्रोग्राममध्ये पक्की व्हायला हवीत. ॲपमध्ये नवख्यावर सगळं एकदम कोसळतं. भाषा नवी, ॲप लिहायचं सॉफ्टवेअर अँड्रॉइड स्टुडिओ नवं, त्यात ॲप बांधून देणाऱ्या ग्रॅडलच्या चुका दाखवणाऱ्या लाल ओळी, स्क्रीनची मांडणी. चूक कुठे झाली तेच कळत नाही, मग पोरगं यूट्यूबवरून उतरवून काढतं.

आणि विषय पैशाचा आहे. कोटलिनमध्ये दशांश आकड्यांसाठी असलेल्या ‘डबल’ प्रकारात 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.3 येत नाही, 0.30000000000000004 येते. रक्कम पैशांत करून पूर्णांकात ठेवायची असते. पाया नसलेल्याला हे कोण सांगणार? पट्टीत चूक झाली तर शेतकरी आडत्याशी भांडेल, आणि चूक ॲपची असेल.

औसेकर
पण सर, ही चूक त्याला आडतीच्या हिशोबातच दिसेल. कोऱ्या पडद्यावर दशांशाचा धडा वाचला तर तो परीक्षेपुरता लक्षात राहील. मामाच्या पट्टीशी आकडा जुळला नाही तर रात्रभर शोधत बसेल. गरज असली की शिकणं अंगी लागतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सेलूची लेक
तुम्ही दोघं भाषेवर भांडायलात, लॅपटॉप कोणता आहे ते कुणीच विचारलं नाही. अँड्रॉइड स्टुडिओला किमान 8 जीबी रॅम लागते, 16 असेल तर बरं. 4 जीबीवर तो उघडायलाच जीव खातो, आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. माझ्या मैत्रिणी इथेच सुटल्या.

रॅम कमी असेल तर एमआयटीचं ॲप इन्व्हेंटर घ्या. ते ब्राउझरमध्ये चालतं, ठोकळे जोडून ॲप होतं. मास्तरांना हवी ती अट आणि लूपही त्यात आहे. रॅम पुरेशी असेल तर कोटलिन घ्या, पण एम्युलेटर, म्हणजे लॅपटॉपवरचा नकली फोन, लावूच नका. स्वतःचा फोन केबलने जोडा. फोनच्या सेटिंगमधल्या ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथे यूएसबी डिबगिंग चालू करा, म्हणजे ॲप केबलने थेट फोनवर चढतं.

जालनेकर
पुण्याला क्लास लावा. शिस्त लागते, सोबत मिळते. घरी बसून कुणी शिकत नाही.

सेलूची लेक
खोलीचं भाडं, मेस आणि क्लासची फी मिळून जेवढा खर्च येतो, त्यात 16 जीबीचा लॅपटॉप येतो आणि वर पैसे उरतात. ज्या घरात यंदाचं पीक पाण्यात गेलं, तिथे हा सल्ला देताना थोडा विचार करा. शिस्तीचा मुद्दा मान्य आहे. पण त्यासाठी गावातच दोघं-तिघं एकत्र बसले तरी भागतं.

वसमतवाला
आता एआयला सांगितलं की अख्खं ॲप लिहून देतो. शिकायचं कशाला?

परभणीचा मास्तर
देतो, पण फोन आडवा केल्यावर भरलेले आकडे गायब झाले की काय कराल? अँड्रॉइड अशा वेळी ती स्क्रीन मोडून नव्याने उभी करतो, आणि माहिती जपून ठेवायची सोय केली नसेल तर ती जाते. हे ठाऊक असलेल्यालाच एआयला नेमका प्रश्न विचारता येतो. एआयकडून ओळ समजून घ्या, पण लिहा स्वतः.

जालनेकर
आयफोनसाठीही करेल का?

सेलूची लेक
सध्या नको. आयफोनचं ॲप ज्यात करतात तो एक्सकोड मॅकवरच चालतो, आणि ॲपलची फी दरवर्षी 99 डॉलर आहे. प्ले स्टोअरचे 25 डॉलर एकदाच भरायचे. पण 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला आधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते.

औसेकर
12 माणसं आमच्या पारावरच मिळतील. पण स्टोअरची घाई नाही, आधी केबलने मामाच्या फोनवर चढवू. लॅपटॉप 8 जीबीचा आहे, कोटलिनच घेतो.

परभणीचा मास्तर
माझं मत बदललेलं नाही. तरी सुरू करणारच असाल तर लॅपटॉप उघडण्याआधी मामाच्या जुन्या पट्ट्या त्याच्यासमोर ठेवा. क्विंटल-किलोचं वजन, हमाली कशावर धरली, तोलाई कशी लावली, हे त्याने वहीत मांडावं आणि हाताने सोडवावं. मग ॲपचं उत्तर त्या वहीशी ताडून बघा. अडलं तर इथेच लिहा, मी उत्तर देईन.