गावात नाटक ठेवायचं की त्या पैशात अभ्यासिका करायची? (झाडीपट्टीवाल्यांनी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्यांनी जरूर सांगा)

धानपट्टीतला:
नमस्कार मंडळी. गाव लाखांदूर तालुक्यात, जि. भंडारा, मी नोकरीसाठी पुण्यात. यंदा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) रात्री नाटक ठेवायचं चाललंय आणि गावच्या ग्रुपवर वर्गणीचा मेसेज आला. मी फक्त एवढंच लिहिलं की गावातली पोरं पोलीस भरतीची नि एमपीएससीची तयारी मंदिराच्या ओट्यावर बसून करतात, यंदाचं नाटक राहू द्या आणि त्या पैशात एक खोली, टेबलखुर्च्या, लाईट असं काहीतरी करू, तर सगळे तुटून पडले, "पुण्याले गेला अन् शहाणा झाला" वगैरे. मला नाटकाचा राग नाही हो, लहानपणी मांडवात झोपून झोपून पाहिलीत. पण एका रात्रीच्या नाटकाने गावाचं नेमकं काय भलं होतं? संस्कृती जपली जाते हे मान्य, हिशोबात सांगा.

वडसेकर:
हिशोबातच सांगतो भाऊ. नाटकाची वर्गणी गणपतीच्या वर्गणीसारखी खर्चून मोकळं व्हायची नसते, ते नाटक ठेवणाऱ्या गावच्या मंडळाचं भांडवल आहे. मंडळवाले वडस्याला (गडचिरोली जिल्ह्यात, नाटक कंपन्यांची ऑफिसं इथंच) येते, कंपनीच्या ऑफिसात बसते, कोणता हिरो कोणती हिरोईन कॉमेडी कोण हे पाहून तारीख ठरवते, इसारा (आगाऊ रक्कम) देते, बाकी पैसे नाटकाच्या रात्री. तिकीट विकते मंडळ. वर जे राहिलं ते मंडळाचं, बुडालं तरी मंडळाचंच. आमच्या बाजूच्या गावात शाळेचं कुंपण अन् सभामंडपाचा स्लॅब दोन्ही नाटकाच्या पैशातले आहेत.

आता रात्रीचं पाहा. दिवाळीनंतर धान कापून झालेला, हातात चार पैसे आलेले. दिवसा पट, रात्री नाटक, म्हणून घरोघरी पाहुणे, लेकी-जावई, साळभाऊ सगळे. कोंबडे संपते गावातले. मांडववाला, साउंडवाला, आलूबोंड्याचं दुकान, चहा, खर्रा, फुगे, रातभर चालते कारण नाटक संपते पहाटे. अन् सोयरिकी! पोरगा-पोरगी दाखवायचे कार्यक्रम अर्धे याच दोन दिवसांत उरकते, वेगळा खर्च नाही.

वडस्यात तर या धंद्यावर किती लोकं जगते. पडदे, मेकअप, ड्रेपरी, पोस्टर छापणारे, ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅडवाला, गाडीचे ड्रायव्हर, प्रॉम्प्टर. (प्रॉम्प्टर नसला तर आमचं नाटक होतच नाही, रोज वेगळं गाव अन् तालमीला वेळ कोणाकडे आहे.) यातले किती तरी कलाकार पावसाळ्यात धानाची रोवणी करणारे आहेत. सरकारच्या भरवशावर न राहता चार जिल्ह्यांत हे चालू आहे, भंडारा गोंदिया चंद्रपूर गडचिरोली.

हिशोबी_नागपूर:
वडसेकर दादा, अर्धाच हिशोब सांगितला तुम्ही. मोठ्या हिरोइनी नागपूर-मुंबईच्या, त्यांची नाईट (एका रात्रीचे पैसे) गावात थोडीच राहते. शेजारच्या गावात त्याच रात्री तगडी कंपनी आली किंवा अवकाळी पाऊस पडला की मंडळ आडवं, मग पुढची दोन वर्षं त्याच पोरांनी खिशातून भरायचं. आणि मांडवाच्या मागे झेंडीमुंडीचा (जुगाराचा) पट किती वाजेपर्यंत चालतो तेही लिहा की. धानाचे पैसे सोसायटीचं कर्ज फेडायच्या आधी तिथे जातात. कोंबडे संपले म्हणजे विकास झाला हे काही पटत नाही बुवा.

एक गोष्ट मात्र मानतो. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यती बंद केल्या तेव्हा पट बसले आणि पाहुण्यांचं निमित्तच गेलं, डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळेपर्यंत पटावर उभी राहिलेली सगळी बाजारपेठ सुस्त होती. म्हणजे पैसा फिरतो हे खरं. फिरून जातो कुठे एवढंच विचारतोय.

जुन्नरचा_पाव्हणा:
आमच्याकडे नाटक नाही पण तमाशाचं बघा. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडमालकांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. यात्रेला तमाशा नसेल तर गर्दी नाही, गर्दी नाही तर दुकानं नाहीत, हे शेंबडं पोरगंही सांगेल. पण फडमालक हंगामाआधी उचल घेऊन कलाकार बांधतो, ती उचल येते व्याजाने. २०२० ला ऐन चैत्राच्या तोंडावर लॉकडाऊन पडलं, यात्रा सगळ्या रद्द, व्याज काही रद्द झालं नाही. ढोलकीवाले शेतात मजुरीला गेले.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. २००२ ला गेल्या. शेवटची वर्षं किती हलाखीत काढली ते सगळ्या महाराष्ट्राला माहितीये. कलेने यात्रा मोठ्या झाल्या, गावं मोठी झाली, बाईंच्या हातात काय राहिलं? तुमच्या झाडीपट्टीत निदान तिकिटाची पेटी गावाकडे आहे, पण नाचणाऱ्या-गाणाऱ्यांना पावसाळ्यात कोण विचारतं?

मास्तर_साकोली:
धानपट्टीतला, तुम्ही नाटक विरुद्ध अभ्यासिका असं मांडलं म्हणून ग्रुपवर भांडण झालं. नाटकाच्या पैशात अभ्यासिका असं मांडा. अभ्यासिकेसाठी पाचशे मागितले तर कोणी देणार नाही, नाटकासाठी देतात कारण मजा येते आणि पैसे परत यायची आशा असते. सभेत आधीच लिहून घ्या की नफ्यातला अमुक वाटा अभ्यासिकेला, आणि दुसऱ्या दिवशी जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. आमच्याकडे फळ्यावर लिहायला लागल्यापासून पावत्या हरवायच्या बंद झाल्या, चमत्कारच म्हणायचा.

हिशोबी भाऊंचं झेंडीमुंडीचं खरं आहे, तो पट मंडळानेच उठवायला पाहिजे, कंपनी काय करणार. पण सगळं पैशातच मोजू नका. दारू, हुंडा, कर्ज, अंधश्रद्धा यावर आमच्या सभेत मी बोललो तर लोक जांभया देतात, तेच नाटकात खलनायक दारू पिऊन बायकोला मारतो तेव्हा बायांच्या बाजूने जी हाय निघते ना, ती ऐकावी. झाडीपट्टीतले नट परशुराम खुणेंना २०२३ ला पद्मश्री मिळाली ती उगीच नाही, पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका, त्याही गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे रात्री बाहेर पडायला लोक घाबरायचे.

धानपट्टीतला:
सगळ्यांचे आभार. मास्तर, हे ग्रुपवर टाकतो, शिव्या खाईन पण टाकतो. वडसेकर, एकच सांगा, पाऊस आला तर इसारा परत मिळतो का?

वडसेकर:
परत नाही मिळत, पण बहुतेक कंपन्या दुसरी तारीख देते, ते कागदावर लिहून घ्या. अन् कलाकारांची नावं पण लिहून घ्या, नाहीतर पोस्टरवर एक हिरोईन अन् स्टेजवर दुसरीच. तारीख ठरवायच्या आधी आजूबाजूच्या गावात त्या रात्री कोण आहे ते विचारा. गाडीभाडं अन् जेवण कोणाकडे तेही आत्ताच बोला, रात्री अकराला त्याच्यावरून भांडणं होते.