चर्चा: ठाण्यात जुनी छोटी गाडी घ्यावी, आणि ती चालवायला मजा येणारीच घ्यावी

वाघबीळकर

परवा येथे एका सदस्याने लिहिले की ठाण्यासारख्या शहरात जुनी छोटी गाडी घेणे म्हणजे दुसऱ्याचे दुखणे विकत घेणे होय. सरळ कर्ज काढून नवी गाडी घ्यावी, आणि चालवण्यातल्या मजेचा विषय घोडबंदर रोडवर राहणाऱ्याने तरी काढू नये, असेही त्यांचे म्हणणे होते. त्या लेखनाला एकामागून एक दुजोरे मिळालेले पाहून मला राहवले नाही.

आधी पैशांचे बोलू. 6 लाखांचे कर्ज 9 टक्के दराने 7 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 9,650 रुपये बसतो आणि नुसते व्याज 2 लाखांच्या वर जाते. त्या व्याजात थोडी भर घातली की आठ-नऊ वर्षे वापरलेली, नीट सांभाळलेली 1.2 लिटर पेट्रोलची गाडी दारात येते. शिवाय नव्या गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांत सर्वांत वेगाने उतरते आणि ती घट पहिल्या मालकाने सोसलेली असते. बाजारपेठेत दर आठवड्याला आरशाला आरसा घासणाऱ्या गाडीसाठी ती घट आपण का सोसावी, हे मला कोणी समजावून सांगावे.

आता मजेचे. मोठ्या गाडीची ताकद वापरायला द्रुतगती मार्ग लागतो. टनाच्या आतल्या छोट्या गाडीची ताकद आपल्या रस्त्यांवर, कायद्याच्या वेगात, पुरेपूर वापरता येते. होंडा ब्रिओ पाहा. लांबी 3,610 मिलिमीटर, 1.2 लिटरचे इंजिन, 88 पीएस (म्हणजे साधारण तेवढीच अश्वशक्ती) ताकद आणि वळण्याची त्रिज्या 4.5 मीटर. सकाळी लवकर बेलापूरहून पारसिक हिलच्या चढाला लागावे, दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मोकळे फिरू द्यावे, वळण येताच स्टिअरिंग मनगटाच्या हालचालीने वळवावे आणि पुढची चाके नेमकी कोठे आहेत हे हातांना कळावे. हे सुख चौपट किमतीच्या अनेक गाड्यांत मिळत नाही. 2005 ची पहिली स्विफ्टही तशीच होती. 2010 मध्ये तिचे 1.3 चे इंजिन जाऊन 1.2 चे आले तरी ताकद जवळपास तेवढीच राहिली. ह्युंदाई आय10 चे 'कप्पा' नावाचे 1.2 चे इंजिन किंवा 2010 नंतरच्या ऑल्टो के10 चे 998 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन ही आणखी स्वस्त वाट. माझे मत स्पष्ट आहे: मॅन्युअल गिअर, साधे पेट्रोल, एकच मालक, पूर्ण सर्व्हिसची कागदपत्रे. डिझेलच्या वाटेला जाऊ नये. दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत डिझेल इंजिन नीट तापतही नाही.

नेरुळनिवासी

वाघबीळकर, आपण मजेवर एवढे लिहिलेत आणि सुरक्षिततेवर एक ओळही नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले. भारतात सर्व नव्या गाड्यांना एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै 2019 पासून सक्तीची झाली. पुढच्या दुसऱ्या आसनाची एअरबॅग 2021 च्या अखेरीस. आपण सुचवलेल्या गाड्यांपैकी बहुसंख्य त्याआधीच्या आहेत आणि त्यांच्या खालच्या प्रकारांत यांतले काहीही नसे. माझ्या मेहुण्याच्या छोट्या गाडीला पाम बीच रोडवर सिग्नलजवळ मागून धडक बसली. मागच्या सीटवर कोणी नव्हते म्हणून निभावले. डिकीचे दार मागच्या सीटला येऊन टेकलेले मी स्वतः पाहिले आहे. त्या दिवसापासून 'छोटी आणि जुनी' हे दोन शब्द एकत्र आले की मी वाद घालतो.

दुसरे असे की सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि वरचा उपकरही गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत. आपल्या व्याजाच्या हिशेबात हे कोठे आहे?

वाघबीळकर

नेरुळनिवासी, एबीएस आणि दोन एअरबॅगा असलेला वरचा प्रकारच घ्यावा, हे मी मूळ लेखातच लिहायला हवे होते असे आपण म्हणालात तर ते मी मान्य करतो. स्विफ्टच्या झेडएक्सआय या वरच्या प्रकारात दोन्ही गोष्टी होत्या. परंतु जीएसटीचा मुद्दा आपल्याच विरोधात जातो, कारण नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो आणि जुनी घेणाऱ्याचा लाभच होतो. पाम बीच रोडचा वेग हा वेगळा प्रश्न आहे. तेथे जे होते त्याचा दोष गाडीच्या लांबीवर घालू नये.

कळवेकर

दोघेही मूळ मुद्दा सोडून बोलत आहात. किफायतशीर गाडीची चर्चा चालू आहे आणि एकानेही सीएनजीचे नाव काढलेले नाही. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे, सीएनजी किलोला ऐंशीच्या आसपास. महिन्याला 1,000 किलोमीटर धरा. शहरात पेट्रोलवर 13 चा ॲव्हरेज मिळाला तर 8,000 रुपये जातात, सीएनजीवर किलोला 20 किलोमीटर मिळाले तर 4,000. मारुती 2010 पासून वॅगन आर कारखान्यातूनच सीएनजीसह विकते आहे. तशी जुनी वॅगन आर घ्यावी आणि निवांत राहावे. मी कळव्याहून महाप्याला रोज कामावर जातो. माझ्या घरखर्चात गाडीने कधी खड्डा पाडलेला नाही. पारसिक हिलच्या वळणांवर मुलांच्या शिकवणीची फी भरता येत नाही.

वाघबीळकर

कळवेकर, शेवटचे वाक्य अनावश्यक होते. आपला हिशेब 1,000 किलोमीटरचा आहे; मी शहरात राहून शहरातच गाडी वापरणाऱ्यांविषयी लिहीत आहे. महिन्याला 500 किलोमीटर धरले तर बचत 2,000 रुपयांवर येते, आणि बाहेरून सीएनजीचे किट बसवायला 50 हजारांहून अधिक खर्च येतो, म्हणजे तो वसूल व्हायलाच दोन वर्षांच्या वर जातात. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते ती वेगळीच. ब्रिओची डिकी मुळात 175 लिटरची; सिलिंडर बसला की स्टेशनवरून आईला आणताना तिची बॅग मांडीवर घ्यायची का? चढावरची ताकद कमी होते ते आपण धरतच नाही. आणि रांगा! नोव्हेंबर 2025 मध्ये आरसीएफच्या (खत कारखान्याच्या) आवारात मुख्य वायुवाहिनीला इजा झाली तेव्हा मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत पंपांवर काय अवस्था झाली होती, ती आपण विसरलात काय?

कळवेकर

विसरलो नाही. त्या दिवशी मी पेट्रोलचे बटण दाबले आणि कामावर गेलो, कारण सीएनजी गाडीत पेट्रोलची टाकीही असते. एका अपघाताच्या आधारे एका इंधनाला नावे ठेवायची असतील, तर पेट्रोलचेही बोलू. आज पंपावर मिळते ते 20 टक्के इथेनॉलचे मिश्रण आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, आणि एप्रिल 2023 पूर्वीच्या बहुतेक गाड्यांची रचना ते मिश्रण गृहीत धरून झालेलीच नाही. तुमच्या लाडक्या जुन्या पेट्रोल गाडीचा ॲव्हरेज त्यामुळे घटतो आणि इंधनवाहिनीच्या रबराचे भवितव्य वेगळेच. दहा वर्षे जुनी पेट्रोल गाडी घ्या असे सांगताना हे न सांगणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

वाघबीळकर

प्रामाणिकपणावर बोट ठेवू नये ही विनंती. ॲव्हरेज घटतो हे खरे आहे आणि मी ते नाकारणार नाही. परंतु ती घट शेकडा सहा-सात इतकी येते, आणि 500 किलोमीटरांवर ती अडीचशे-तीनशे रुपयांची होते. रबरी नळ्या बदलणे हे जुन्या गाडीच्या देखभालीत येतेच. एवढ्यासाठी मी डिकीत साठ लिटरचा सिलिंडर वाहून नेणार नाही.

नौपाड्याची रहिवासी

आपण दोघे इंधनावर भांडत आहात आणि गाडी उभी कोठे करायची याचा विचार कोणीच करत नाही. आमच्या जुन्या सोसायटीत स्टिल्टखालच्या दोन खांबांमधल्या जागेत फक्त छोटीच गाडी बसते, तीही दोन्ही आरसे दुमडून. शेजाऱ्यांनी नवी लांब गाडी घेतली आणि तिचा मागचा भाग माझ्या जागेत येतो म्हणून समितीच्या बैठकीत आमचा वाद अजून चालू आहे. समितीचे म्हणणे असे की दोघांनी समजुतीने घ्यावे. माझी गाडी लहान आहे म्हणून जागाही मीच कमी घ्यायची का? परिवहनमंत्र्यांनी 2025 मध्ये पार्किंगचे प्रमाणपत्र असल्याखेरीज नव्या गाडीची नोंदणी होणार नाही असे जाहीर केले, तेव्हा मला खरोखर आशा वाटली होती.

आणि वाघबीळकर, मॅन्युअलचा एवढा आग्रह कशासाठी? तीन हात नाक्यावर संध्याकाळी क्लच दाबून-दाबून माझा डावा गुडघा सुजत असे. माझी आय10 ऑटोमॅटिक आहे, जुन्या पद्धतीच्या चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलामार्फत ताकद पुढे नेणारा भाग) असलेली. पेट्रोल अधिक पिते हे मान्य. परंतु संध्याकाळी घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उभी राहू शकते, आणि गोखले रोडवरून वळताना ती मला पुरेशी चपळ वाटते.

वाघबीळकर

ताई, गुडघ्याचे कारण असेल तर माझा आग्रह मागे घेतो. मात्र ऑटोमॅटिकच घ्यायची तर आपल्यासारखी टॉर्क कन्व्हर्टरची घ्यावी. जुन्या एएमटीत, म्हणजे मॅन्युअल गिअरच यंत्राने बदलणाऱ्या गाडीत, क्लच असतोच, फक्त तो यंत्र दाबते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवण्याची आधीच्या मालकाला सवय असेल तर तो जळतो आणि खर्च नव्या मालकाच्या गळ्यात येतो.

कोपरीचा गॅरेजवाला

मी रोज हेच काम करतो, म्हणून लिहितो. कळवेकर कारखान्यातून आलेल्या सीएनजी गाडीविषयी बोलत आहेत आणि वाघबीळकर बाहेरून बसवलेल्या किटविषयी. त्यामुळे हा वाद दोन वेगळ्या गाड्यांचा आहे. कारखान्यातून येणाऱ्या गाडीत व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी) साधारणतः त्या कोरड्या, उष्ण ज्वलनाचा विचार करून बसवलेल्या असतात. साध्या पेट्रोल इंजिनवर किट चढवले आणि टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर कोणी तपासलेच नाही, तर सकाळी थंड इंजिन थरथरते आणि कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) उतरलेले निघते.

त्याहून मोठा धोका पाण्यात बुडालेल्या गाडीचा आहे आणि त्याविषयी येथे कोणी लिहिले नाही. पावसाळ्यानंतर अशा गाड्या धुऊन, सुगंध मारून विकायला येतात. सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून पाहावा. बुडालेल्या गाडीत आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातकट रेघ राहते, कारण धुणारा तेथपर्यंत पोहोचत नाही. सीटच्या रुळांवरचा गंज आणि स्टेपनीच्या खळग्यातला बारीक गाळ बोटाने पाहावा. गाडी रात्रभर बंद असताना सकाळी जाऊनच सुरू करावी. विकणाऱ्याने आपण येण्याआधीच इंजिन तापवून ठेवले असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

नेरुळनिवासी

गॅरेजवाले, हे उपयुक्त आहे. याच धाग्यात नोंदणीचाही विचार व्हावा. ब्रिओ 2011 मध्ये आली. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासणी, पर्यावरण कर आणि दर 5 वर्षांनी नूतनीकरण. सुरुवातीच्या काळातली ब्रिओ स्वस्त मिळते ती याच कारणाने. 2019 च्या सुमारास तिचे उत्पादन येथे थांबले, तेव्हा घ्यायचीच तर शेवटच्या दोन-तीन वर्षांतली, वरच्या प्रकारातली घ्यावी. इतके झाले तर माझा विरोध राहणार नाही. पसंती मात्र राहणार नाही.

कळवेकर

शहराबाहेर न जाणाऱ्याला, महिन्याला 500 किलोमीटरच्या आत गाडी चालवणाऱ्याला बाहेरचे किट परवडत नाही, एवढेच मी मान्य करतो. परंतु ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाल्यापासून ठाण्यातला माणूस 500 वर थांबतो, यावर माझा विश्वास नाही. मुलुंड आणि ऐरोली आता घरचे अंगण झाले आहे. वाघबीळकरांनी वर्षभराची पेट्रोलची बिले जपून ठेवावीत आणि मग पुन्हा बोलावे.

वाघबीळकर

बिले मी जपतोच. मी मुलुंडला लोकलने जातो, आणि गाडी मला चालवावीशी वाटते तेव्हा चालवतो. ती चालवावीशी वाटली पाहिजे, नाहीतर रिक्षा पुरेशी आहे, यावर मी ठाम आहे.

कोपरीचा गॅरेजवाला

आणखी एक गोष्ट, कारण या आठवड्यातच असे एक गिऱ्हाईक आले. विकत घेण्याआधी आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) इंधनाच्या रकान्यात काय लिहिले आहे ते वाचावे. किट आहे आणि नोंद नाही, किंवा किट काढून टाकले आणि नोंद तशीच आहे, असे दोन्ही प्रकार आढळतात, आणि दोन्हींत विम्याचा दावा अडतो. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करण्यापूर्वी ही नोंद विकणाऱ्याकडूनच दुरुस्त करून घ्यावी. गाडीवर आधीचे कर्ज असेल तर कर्जाची नोंद काढण्याचा, बँकेच्या सहीचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. विमाही 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करावा; नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट) जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून हप्ता वाढलेला दिसला तर विकणाऱ्याशी भांडायला जाऊ नये.