सीटी स्कॅन नॉर्मल आहे; मग मुलाला पुढच्या आठवड्यात रग्बी खेळू द्यावे का?

रग्बीपालक:

नमस्कार. माझा १५ वर्षांचा मुलगा रग्बी खेळतो. मागच्या सामन्यात टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना, समोरच्या खेळाडूचा गुडघा त्याच्या कानशिलावर आदळला. त्याची शुद्ध हरपली नाही, तो स्वतः उठला आणि मध्यंतरापर्यंत खेळलाही. मध्यंतरात मात्र "आपण कोणत्या बाजूला खेळतोय?" हे त्याने एकाच सोबत्याला दोनदा विचारले, तेव्हा त्याला बाहेर बसवण्यात आले. रुग्णालयात सीटी स्कॅन केला, त्यात काहीही निघाले नाही. आता डोकेदुखी बरीच कमी आहे, परंतु वाचायला बसला की ती पुन्हा सुरू होते, आणि एरवी शांत असणारा मुलगा क्षुल्लक कारणावरून चिडतो. पुढच्या आठवड्यात उपांत्य सामना आहे. प्रशिक्षकांच्या मते स्कॅन स्वच्छ असल्यामुळे त्याला अडवण्याचे कारण नाही. हवे तर पॅड असलेली स्क्रम कॅप घालून खेळवू, असे ते म्हणतात. हे म्हणणे कितपत ग्राह्य धरावे? आणि अशी टोपी घातल्याने खरोखर काही फरक पडतो का?

क्रीडावैद्यक:

त्याला हा सामना खेळू देऊ नका. कारणे सांगतो.

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि कवटीचे फ्रॅक्चर शोधण्यासाठी असतो. ते नाही हे कळले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मेंदूला बसलेला हादरा, म्हणजे कन्कशन, या स्कॅनमध्ये बहुधा दिसतच नाही. मेंदू कवटीच्या आत द्रवात असतो, आणि डोके झटक्यात फिरले की त्याच्या आतले थर एकमेकांच्या तुलनेत सरकून मज्जातंतू ताणले जातात. त्यातून पेशींमधील क्षारांचे संतुलन बिघडते. ते पूर्ववत करायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते, आणि नेमका त्याच काळात ऊर्जेचा पुरवठा कमी पडतो. आपला मुलगा वाचायला बसल्यावर डोके दुखते, ही याच स्थितीची खूण असू शकते. शुद्ध हरपली नाही म्हणून मार किरकोळ, हा समज तर सर्वांत घातक आहे, कारण बहुसंख्य कन्कशनमध्ये शुद्ध हरपतच नाही. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारणे हे खेळाडूला मैदानाबाहेर काढण्यासाठी पुरेसे लक्षण आहे. खरे तर धडक बसली तेव्हाच त्याला बाहेर घ्यायला हवे होते.

या अवस्थेत दुसरा मार बसला तर लक्षणे लांबतात. क्वचित प्रसंगी, आणि तेही मुख्यतः किशोरवयीन मुलांमध्ये, मेंदूला वेगाने सूज येऊन काही मिनिटांत जिवावर बेतल्याच्या नोंदी आहेत. हे विरळ आहे, पण एका उपांत्य सामन्यासाठी पत्करावे असे नाही.

स्क्रम कॅपमुळे कान आणि टाळूची कातडी फाटण्यापासून बऱ्यापैकी वाचते. कन्कशन मात्र तिने कमी होते, असे अभ्यासांतून दिसलेले नाही, कारण डोके फिरण्याचा वेग ती रोखू शकत नाही. अमेरिकन फुटबॉलचे कठीण हेल्मेटसुद्धा कवटी वाचवते. आत मेंदू हलणे ते थांबवत नाही. हौशी मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तर २०१३ मध्ये पुरुषांच्या लढतींतून हेडगार्ड काढूनच टाकले. त्या निर्णयावर मतभेद आहेत, परंतु पॅड म्हणजे संरक्षण, हे समीकरण किती कच्चे आहे ते त्यावरून कळते.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत कमजोरी, उठवूनही नीट जाग न येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुन्हा तातडीने रुग्णालयात न्या.

माजीपंच:

वैद्यकीय बाजू वर आली आहेच. मला निर्णय कोणी घ्यायचा याबद्दल बोलायचे आहे. मी शालेय सामन्यांत पंच म्हणून काम केले आहे. "मी ठीक आहे" हे वाक्य ज्यांना बाहेर काढायलाच हवे होते अशाच मुलांकडून मी सर्वाधिक ऐकले. त्यात लबाडी नसते. जागा जाईल, सोबती नावे ठेवतील, अशी भीती असते, आणि ज्या मेंदूला मार लागला त्यालाच आपण स्वतःची परीक्षा घ्यायला सांगत असतो. प्रशिक्षकही निकालात गुंतलेला असतो. तेव्हा बाहेर बसवण्याचा निर्णय या दोघांच्या हाती राहू नये, हेच नियमांचे खरे काम.

व्यावसायिक रग्बीत खेळाडूला तात्पुरते बाहेर नेऊन डॉक्टर तपासणी करतात, आणि २०२४ पासून धडकेचा जोर मोजणारे माउथगार्ड वापरून तपासणीची सूचना मिळते. टीव्हीवर हे पाहून "तपासून परत पाठवू" असे शालेय मैदानांवरही म्हटले जाते. ती पद्धत तिथल्यासाठी नाही. हौशी खेळात नियम एवढाच, की शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही.

क्रिकेटने २०१९ मध्ये कन्कशन झालेल्या खेळाडूच्या जागी तशाच भूमिकेचा बदली खेळाडू देण्याची मुभा दिली, आणि त्याच वर्षी लॉर्ड्सच्या कसोटीत स्टीव्ह स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. मला तो नियम आवडतो, कारण खरे सांगितल्याची शिक्षा संघाला भोगावी लागत नाही. त्याआधी कसोटीत बदली खेळाडूला फलंदाजी करता येत नसे, म्हणजे दुखापत लपवण्याला एका परीने बक्षीसच होते.

साशंक:

मुलाला खेळवू नये, याच्याशी सहमत आहे. तथापि अशा चर्चेत पुढचा प्रश्न हमखास येतो, की हा खेळच बंद करावा का, म्हणून थोडी सावधगिरी सुचवतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॉस्टनच्या अभ्यासात अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधील १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा ऱ्हास, आढळला. आकडा भयानक आहे, परंतु ते मेंदू दान केलेले होते, आणि ज्या कुटुंबांना शंका होती तीच मुख्यतः दान करायला पुढे आली. त्यामुळे सर्व खेळाडूंपैकी ९९ टक्क्यांना हा आजार होतो, असा अर्थ काढता येत नाही.

क्रीडावैद्यक:

आक्षेप रास्त आहे. तथापि स्कॉटलंडमधील २०१९ च्या अभ्यासाला तो लागू होत नाही, कारण तिथे माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या (अमेरिकन नव्हे, नेहमीच्या फुटबॉलच्या) मृत्यूच्या नोंदींची तुलना त्यांच्याच वयाच्या सर्वसाधारण लोकांशी केली होती. मज्जासंस्थेच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणारे मृत्यू त्यांच्यात सुमारे साडेतीनपट आढळले. त्याच अभ्यासात हृदयविकाराने होणारे मृत्यू कमी होते, हेही सांगायला हवे. म्हणजे खेळाचा लाभ आणि त्याची किंमत दोन्ही एकाच कागदावर आहेत.

म्हणून खेळ बंद करण्याऐवजी धडका कमी करणे हा मार्ग मला पटतो. आयव्ही लीग या अमेरिकी विद्यापीठांच्या लीगने २०१६ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधील किकऑफची, म्हणजे चेंडू लाथाडून खेळ सुरू करण्याची, रेषा ३५ वरून ४० यार्डांवर नेली. चेंडू अधिक वेळा मैदानाच्या टोकापलीकडे जाऊ लागला, धावत येऊन होणाऱ्या टकरी घटल्या, आणि किकऑफमधील कन्कशनचे प्रमाण दर हजार खेळींमागे सुमारे ११ वरून २ वर आले. फक्त ५ यार्ड सरकवले! त्याच लीगने नियमित मोसमातील सरावातून टॅकलही वगळले. आपल्या मुलाच्या संघात आठवड्याला किती सराव पूर्ण धडकेचे होतात, हे प्रशिक्षकांना जरूर विचारा.

रग्बीपालक:

सर्वांचे आभार. त्याला सामन्यातून बाहेर ठेवले आहे. मुलगा रुसला आहे, पण त्याला इलाज नाही. त्याने मैदानावर परतायचे ते कोणत्या क्रमाने?

क्रीडावैद्यक:

पहिले एकदोन दिवस सापेक्ष विश्रांती, मोबाइल-टीव्ही कमी. अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला आता कोणी देत नाही. लक्षणे फारशी वाढणार नाहीत इतपत चालणे, मग सायकल, मग डोक्याला मार लागण्याचा धोका नसलेले वैयक्तिक व्यायाम. प्रत्येक पायरीला किमान २४ तास द्यावेत. पूर्ण वेळ शाळा त्रास न होता जमणे हे खेळाच्या आधी. धडकेचा सराव लक्षणे पूर्ण गेल्यावर आणि डॉक्टरांनी तपासल्यावरच. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सलग १४ दिवस लक्षणमुक्त राहिल्यावर धडकेचा सराव आणि दुखापतीपासून किमान २१ दिवसांनी सामना, असे सांगितले आहे. आपल्या मुलाला वाचताना अजून त्रास होतो, म्हणजे ते १४ दिवस सुरूच झालेले नाहीत. प्रशिक्षकांना हे लेखी कळवा, म्हणजे मोसम संपेपर्यंत तोच वाद पुन्हा घालावा लागणार नाही.