कॅरल बापाची पत्रं: माया की परीक्षा?

जुनी शाई: अठराव्या शतकात अमेरिकेतल्या मेरीलँड या इंग्रजांच्या वसाहतीतल्या चार्ल्स कॅरल या कॅथलिक जमीनदाराने युरोपात शिकणाऱ्या मुलाला लिहिलेली पत्रं ‘प्रत्येक बापाने गिरवावीत’, असं इथे काल एकाने लिहिलं. राहवलं नाही. दहा-अकरा वर्षांचं पोर समुद्रापार धाडलं, ते परतलं थेट १७६५ मध्ये. पत्रांत काय? अभ्यास कर, हिशेब शीक, कायदा पुरा कर. पोराच्या आईशी रीतसर लग्न केलं १७५७ मध्ये, मुलगा १९ वर्षांचा झाल्यावर! तोवर वारसा बापाच्या मर्जीवर. याला माया म्हणायचं?

टाकबोरू: ते मीच लिहिलं. मेरीलँडमध्ये तेव्हा कॅथलिकांना मत नाही, सरकारी पद नाही, उघडपणे शाळा चालवायची सोय नाही. १७५६ मध्ये त्यांच्यावर दुप्पट जमीनपट्टी बसली. मग फ्रान्समध्ये सेंट ओमेरला जेझुइट या कॅथलिक पाद्र्यांच्या शाळेत नाही तर कुठे पाठवणार? पुढे पॅरिस, बूर्ज, लंडन. मुलाला वकिली करता येणार नव्हती, तरी कायदा शिकवला. जमीनजुमला राखता यावा म्हणून.

रोखठोक: पैसा कुणाच्या घामाचा? कॅरलांच्या गुलामांचा. त्यांच्या पोरांना कुणी पत्रं लिहिली?

टाकबोरू: गुलामगिरीची बाजू मी घेतलेली नाही. विषय पत्रांचा आहे.

माजघर: आईचं कुणीच बोलत नाही. एलिझाबेथ ब्रूक १७६१ मध्ये गेली, मुलगा तेव्हा लंडनला. मी नववीपासून वसतिगृहात. वडिलांचं आंतर्देशीय पत्र दर पंधरवड्याला यायचं, सगळं गुणांबद्दल. आईला लिहिता येत नव्हतं. तळाशी ‘आईचा आशीर्वाद’, बस. ती अंथरुणाला खिळलीय हे मला परीक्षा संपल्यावर कळवलं. कॅरलची पत्रं मला वाचवत नाहीत.

टाकबोरू: वाईट वाटलं. पण वडिलांवरचा राग कॅरलवर का?

माजघर: ‘प्रत्येक बापाने’ असं तुम्ही लिहिलंत म्हणून!

जुनी शाई: अगदी. अभ्यास नीट व्हावा म्हणून घरचं दुखणं लपवायचं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं. माझ्या आजोबांचं कळवलं ते तेराव्यानंतर.

टाकबोरू: बरं, ‘प्रत्येक बापाने’ मागे घेतो, तेवढंच. १७७६ च्या अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा एकमेव कॅथलिक हाच मुलगा. परतल्यावरही बापलेक एकमेकांना लिहीत राहिले. नुसत्या धाकाने हे होत नाही.

माजघर: तो घरी आला तेव्हा आईला जाऊन चार वर्षं होत आली होती. त्यावर बोला.